हरणाच्या शिकारीसाठी उंच बॉक्स ब्लाइंड: जागा कशी निवडायची, डबा कसा उभा करायचा (टेक्सासमधे नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी)

टेक्सासमधे येऊन आठ-दहा वर्षं झालेले, घर घेतलेले, आणि आता ऑफिसातल्या मित्रांबरोबर डियर लीजवर (शिकारीसाठी भाड्यानं घेतलेल्या जमिनीवर) जायला लागलेले बरेच मराठी लोक मला भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, कुठला ब्लाइंड घेऊ. मी पण हाच प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर शोधण्यात दोन महिने घालवले, पण खरा प्रश्न तो नव्हताच. डबा कुठल्याही कंपनीचा चालतो, तो कुठे उभा आहे आणि जमिनीला कसा बांधलाय यावर सगळं आहे. हे मला एक अख्खा सीझन वाया घालवून कळलं म्हणून सगळं लिहून काढतोय.

माहीत नसलेल्यांसाठी, बॉक्स ब्लाइंड म्हणजे पायांवर उभी केलेली छोटी बंद खोली, चारही बाजूंना खिडक्या, आत खुर्ची टाकून एक किंवा दोन माणसं बसतात. ज्यांनी गावाकडे जोंधळ्यात माळा पाहिलाय त्यांना लगेच कळेल. आमच्याकडे मंगळवेढ्याच्या बाजूला हुरड्याच्या दिवसांत पाखरं हाकायला माळ्यावर गोफण घेऊन बसायचे, तोच माळा समजा, फक्त भिंती आणि छप्पर घातलेला. आणि एक गोष्ट आधीच सांगतो, भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हरणाची शिकार हा गुन्हा आहे, त्यामुळे यातलं काहीही तिकडे करायचं नाही. इथे व्हाइटटेल हरणांची संख्या, विशेषतः मध्य टेक्सासच्या डोंगराळ हिल कंट्रीत, प्रचंड आहे आणि शिकार लायसन्स, टॅग (मारलेल्या हरणाला बांधायची लायसन्सची चिठ्ठी) आणि ठरलेल्या सीझनमधेच होते.

मी जे सांगतोय ते याच हिल कंट्रीतल्या लॅनो काउंटीच्या अनुभवावरून, म्हणजे ग्रॅनाइटची जमीन, ओक, मेस्कीटची काटेरी झुडपं आणि निवडुंग. तुमची लीज पूर्वेकडच्या पाइनच्या जंगलात असेल तर जमिनीचा आणि उंचीचा भाग थोडा वेगळा पडेल, बाकी सगळं तेच.

१. लाकडाला हात लावायच्या आधी कागद

हे लागतं:

- हंटिंग लायसन्स. साधारण १५ ऑगस्टपासून नवीन वर्षाची विक्री सुरू होते आणि ते पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंतच चालतं. टेक्सासमधे सलग सहा महिने राहत असाल तर रेसिडेंट, नाहीतर नॉन-रेसिडेंट, आणि दोन्हीच्या फीमधे खूप मोठा फरक आहे.
- हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला लागतं, म्हणजे आपल्यापैकी जवळपास सगळ्यांना. १७ किंवा त्याहून जास्त वय असलेल्यांना ऑनलाइन कोर्स चालतो. घाईघाईत क्लिक करत पुढे जाऊ नका, बंदूक कशी धरायची हे ज्यांच्या घरात कुणी शिकवलेलं नाही अशा आपल्यासारख्यांना तो कोर्स खरंच लागतो.
- जमीनमालकाची लेखी परवानगी, आणि त्यात ब्लाइंड उभा करायची परवानगी वेगळी लिहून घ्या. लीज संपल्यावर ब्लाइंड कुणाचा, काढून न्यायला किती दिवस मिळणार, हे पण लिहा. तोंडी बोलण्यावर राहू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे अमेरिकन मित्र तुम्हाला सांगणार नाहीत कारण त्यांना ते कधी लागलेलंच नाही. तुम्ही एच-१बी, एल-१, एच-४, एफ-१ अशा व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याप्रमाणे तुम्हाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायलाच बंदी आहे. वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्याला अपवाद आहे, पण लायसन्स ३१ ऑगस्टला संपलं की तो अपवादही संपतो आणि कपाटातली रायफल तशीच असते! ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. व्हिसावर असाल तर रायफल हातात घ्यायच्या आधी इमिग्रेशनच्या वकिलाशी एकदा बोलाच, ती फी वाचवू नका.

२. जागा: वारा, ऊन आणि गोळी कुठे जाणार

यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

पहिल्या वर्षी मी मोकळी जागा बघितली, मधे फीडर (हरणांसाठी मका टाकणारं यंत्र) ठेवला, त्याच्या उत्तरेला शंभर यार्डांवर ब्लाइंड उभा केला, तोंड दक्षिणेला. आमच्याकडे वारा बहुतेक वेळ दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून असतो, म्हणजे हरणाकडून माझ्याकडे, म्हणून वाटलं झकास जमलं. नोव्हेंबरमधे वडील गावाहून आले होते, त्यांना एका सकाळी बरोबर नेलं, बंदूक फक्त माझ्याकडे, ते नुसते बघायला. आदल्या रात्री थंडीची लाट आली होती, इथे तिला नॉर्दर म्हणतात. दोन हरणं, दोन्ही डो म्हणजे माद्या, झाडीच्या कडेला आल्या, मान वर करून थांबल्या, एकीनं पुढचा पाय दोनदा जमिनीवर आपटला, शेपटीचा पांढरा झेंडा वर झाला आणि गेल्या. खाली उतरल्यावर वडिलांनी वाळलेल्या गवताचा चुरा मुठीत घेतला, हात खांद्याइतका वर केला आणि हळूहळू सोडला, खळ्यावर उफणायला उभं राहायच्या आधी बघतात ना, अगदी तसा. चुरा सरळ फीडरच्या दिशेनं गेला. म्हणाले, "वारं पाठीमागनं यायलंय. तुझा समदा वास तिकडंच चाललाय की."

नॉर्दर आला की वारा उलटा होतो. आणि गंमत म्हणजे थंडी पडल्यावरच हरणं जास्त फिरतात, म्हणजे ज्या सकाळी बसायचं त्याच सकाळी माझी जागा चुकीची होती. त्यामुळे नेहमीचा वारा आणि नॉर्दरचा वारा, दोन्ही कागदावर बाणांनी काढा आणि ब्लाइंड अशा ठिकाणी ठेवा की दोन्ही वारे आडवे जातील. आमच्याकडे ती जागा फीडरच्या पश्चिमेला, किंचित दक्षिणेकडे सरकून अशी निघते. तोंड पूर्वेला, थोडं ईशान्येकडे. दक्षिणेचा वारा वास उत्तरेला नेतो, उत्तरेचा दक्षिणेला, फीडर दोन्हीतून सुटतो. हरणं दिवसा ज्या झाडीत बसतात ती मात्र वास जातो त्या बाजूला नको, हे पण बघा.

उन्हाचं गणितही याच जागेत बसतं. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो म्हणजे सकाळचं ऊन समोरून न येता उजव्या बाजूनं येतं, आणि संध्याकाळी सूर्य पाठीशी, त्यामुळे फीडरवर उजेड आणि तुम्ही सावलीत. संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून बसलात तर स्कोपमधे (रायफलवरच्या दुर्बिणीत) नुसता लखलखाट दिसतो, काही दिसत नाही.

तिसरी गोष्ट गोळी. फीडरच्या मागे काय आहे ते चालत जाऊन बघा, नकाशावर नाही. शेजारचं घर, रस्ता, गाई, कुंपण. टेक्सासमधे परवानगीशिवाय तुमची गोळी दुसऱ्याच्या हद्दीत गेली तर तो गुन्हा आहे. उंचावरून मारलेली गोळी खाली जमिनीत जाते हा उंच ब्लाइंडचा मोठा फायदा, पण दहा फुटांवरून शंभर यार्डांवर तो कोन जेमतेम दोन अंशांचा असतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका, फीडरच्या मागे चढ किंवा टेकाड हवंच.

आणि तुम्ही ब्लाइंडपर्यंत पोचणार कसे? फीडरसमोरून चालत जावं लागत असेल तर ती जागा सोडा.

३. उंची

पाच, आठ, दहा, पंधरा फूट असे पाय मिळतात. उंच म्हणजे चांगलं असं नाही. मोकळं कुरण असेल तर पाच फूट पुरतं, मेस्कीटची झुडपं असतील तर दहा. पंधरा फूट फक्त दाट झाडोऱ्यात, आणि तो सुद्धा स्टीलच्या टॉवरवर, लाकडावर नको. ठरवायच्या आधी एक शिडी नेऊन त्या जागी उभी करा, कुणाला तरी धरायला लावा, आठव्या फुटावरून काय दिसतं, दहाव्यावरून काय दिसतं ते बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे आणि नंतर पाय बदलायचा त्रास वाचतो.

४. डबा: विकत की घरी बांधायचा

फायबरग्लासचे डबे टिकाऊ, आतून गप्प आणि महाग. मला ५ बाय ५ फुटांचा टॉवरसकट तीन हजार डॉलरच्या आसपास भाव सांगितला होता. जाड प्लास्टिकचे साच्यातले डबे हलके आणि पाणी अजिबात न घेणारे, पण स्वस्तातले पातळ असले की थंडीत हात टेकला तरी कडकड आवाज करतात, दुकानात जाऊन भिंत दाबून बघा. प्लायवुडचा घरी बांधलेला सगळ्यात स्वस्त, मला साधारण हजार डॉलर पडले, पण दर दोन-तीन वर्षांनी रंग आणि कडांना सीलंट लागतं.

माप: रायफल घेऊन एकटे बसणार असाल तर ४ बाय ४ होतो पण अवघडायला होतं. मुलाला किंवा बायकोला बरोबर नेणार असाल तर ४ बाय ६ किंवा ५ बाय ५. धनुष्य वापरायचं असेल तर ६ बाय ६ आणि आतली उंची साडेसहा फूट तरी, शिवाय खिडक्या उभ्या आणि लांब लागतात, रायफलच्या आडव्या खिडकीतून धनुष्य ताणताच येत नाही. तयार डबा आणणार असाल तर ट्रेलरवर भाराची रुंदी साडेआठ फुटांच्या वर जाऊ देऊ नका, त्यापुढे परमिटचं लफडं आहे.

५. खिडकी किती उंचीवर

यात बहुतेकजण चुकतात. आधी खुर्ची घ्या, मग खिडकी कापा. ज्या खुर्चीवर बसणार तीच जमिनीवर ठेवा, रायफल खांद्याला लावा, कोपर आरामात टेकेल तिथे भिंतीवर खूण करा. माझी खूण ३८ इंचांवर आली, बायकोची ३५ वर. आम्ही ३६ वर कापली आणि मी खाली वाळूची पिशवी ठेवतो. खिडकीची उंची १२ इंच पुरे, रुंदी ३० ते ३६. मोठी खिडकी म्हणजे तुमची हालचाल जास्त दिसणार.

झडप वरून बिजागरीवर आत उघडणारी आणि हुकला अडकणारी असावी. चुंबकाची कडी लावू नका, पहाटेच्या शांततेत ती टक्क वाजते. आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या एकाच वेळी उघडायच्या नाहीत, मागून उजेड आला की तुमची सावली स्पष्ट दिसते. आतून सगळा काळा रंग मारा, छतासकट.

६. सामान

घरी बांधणाऱ्यांसाठी, ५ बाय ५ आणि दहा फुटांचे पाय धरून:

- पायांसाठी ट्रीटेड (कुजू नये म्हणून औषध मुरवलेलं) लाकूड, ४ बाय ४ इंची, १२ फुटी चार, किंवा ६ बाय ६ परवडत असेल तर उत्तमच
- पाय बाहेरच्या बाजूला तिरके करणारे लोखंडी कोनी ब्रॅकेट चार
- फरशीच्या चौकटीला ट्रीटेड २ बाय ६, वर पाऊण इंची प्लायवुड
- भिंतींना २ बाय ३ किंवा २ बाय ४, आणि अर्धा इंची बाहेरचं प्लायवुड
- छपराला पत्रा, मागच्या बाजूला उतार देऊन
- कॅरेज बोल्ट, वॉशर, लॅग बोल्ट, सगळे गॅल्व्हनाइज्ड
- सोळा इंची काँक्रीटचे पेव्हर (फरश्या) चार
- इम्पॅक्ट ड्रायव्हर, सॉकेट सेट, पाणसळ, ओळंबा, दोरी, रॅचेट पट्टे सहा, हेल्मेट, हॅरनेस

खिळे वापरू नका. लाकूड सुकतं, वारा हलवतो, खिळा हळूहळू बाहेर येतो. बोल्ट पुन्हा आवळता येतो.

७. उभा करणं आणि बांधून ठेवणं

मार्च-एप्रिलमधे करा. ऊन सोसवतं, आणि नोव्हेंबरपर्यंत हरणांना त्या डब्याची सवय होते. ऑक्टोबरमधे उभा केलेला ब्लाइंड त्यांना महिना महिना खटकत राहतो.

खणायचं असेल तर किमान दोन कामाचे दिवस आधी ८११ ला फोन करा, फुकट आहे, जमिनीखालच्या गॅस आणि विजेच्या लाइनी ते येऊन खुणा करून देतात. वर पण बघा, विजेची तार जवळ असेल तर ती जागाच नको.

आधी चार पेव्हर माती काढून पक्क्या जागी बसवा. उतार असेल तर पेव्हरच्या खाली दगड रचत बसू नका, पाय कमी-जास्त लांबीचे कापा. मग नुसता प्लॅटफॉर्म आणि पाय जोडा, चारही बाजूंना २ बाय ४ ची कैची (एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या पट्ट्या) मारा, पाणसळ लावून दोन्ही दिशांनी बघा. भिंती खाली जमिनीवर आधी जोडून ठेवा आणि एकेक वर चढवून बोल्टनं आवळा. तयार डबा असेल तर ट्रॅक्टरच्या लोडरनंच उचला. दोन मित्र आणि दोरी यावर पाचशे पौंडांचा डबा चढवायला जाऊ नका, आणि उचललेल्या डब्याखाली कुणी उभं राहायचं नाही.

आता बांधणं. माझ्याकडे जमिनीत फिरवत रोवायचा अँकर चार इंच गेला आणि खाली ग्रॅनाइट लागला, नुसता फिरत बसला. मी म्हटलं एवढं वजन आहे, कुठे जातंय. डिसेंबरमधे रात्री नॉर्दर आला आणि सकाळी गेलो तर डबा पोटावर पडलेला, मागची सलग भिंत उत्तरेला होती तिनं शिडासारखा वारा धरला, एक पाय मधोमध उभा चिरलेला, दार बिजागरीतून निघून वीस फुटांवर. आदल्या संध्याकाळी मी आणि मुलगा त्यात बसलो होतो. ते दार बघून माझे पाय थरथरत होते, आजही लिहिताना अंगावर काटा येतो.

त्यामुळे डबा कितीही जड वाटला तरी चारही पाय बांधायचेच. माती असेल तर प्रत्येक पायाजवळ टी-पोस्ट (कुंपणाचा लोखंडी खांब) निदान दोन-अडीच फूट ठोका आणि पायाला दोन ठिकाणी पट्टीनं आवळा, किंवा ३० इंची स्क्रू अँकर. खडक असेल तर हॅमर ड्रिल भाड्यानं आणा, पायाला लोखंडी पट्टा लावून खडकात वेज अँकर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) मारा. मी दोन पायांना टी-पोस्ट आणि दोन पायांना वेज अँकर असं केलं. शिवाय वरच्या चार कोपऱ्यांतून केबल खाली, टर्नबकल (फिरवून केबल ताणायचा स्क्रू) लावून ताणलेली, आणि प्रत्येक केबलला नारिंगी फीत, कारण पहाटे अंधारात तीच गळ्यात किंवा पायात येते. केबल झाडाला बांधू नका, झाड डोलतं आणि डब्याला बरोबर ओढतं.

लीजवर गुरं असतील तर पायांभोवती कुंपण घाला. गाय खांबाला पाठ घासते तेव्हा अख्खा ब्लाइंड हलतो आणि महिन्याभरात बोल्ट सैल होतात.

८. चढणं-उतरणं

सरळ शिडीपेक्षा कठडा असलेला तिरका जिना, वर दारासमोर दोन बाय तीनचा ओटा, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला मूठ. दार फीडरच्या उलट बाजूला, आत उघडणारं. पायऱ्यांवर खरखरीत पट्टी लावा, दहिवर पडल्यावर ट्रीटेड लाकूड शेवाळासारखं निसरतं. चढताना तीन अवयव कायम टेकलेले हवेत, दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात, म्हणजेच हातात काहीही नको. रायफल रिकामी, तिचा बोल्ट (गोळीची जागा बंद करणारा दांडा) उघडलेला, तोंड खाली करून दोरीला बांधा आणि वर गेल्यावर ओढून घ्या. उतरताना आधी रिकामी करून खाली सोडा. गोळी भरायची ती खुर्चीत बसल्यावर.

९. आत काय

जमिनीला जुनं कार्पेट, भिंतीला पण खिडकीच्या उंचीपर्यंत. खुर्ची न करकरणारी. लेझर रेंजफाइंडरनं एकदा दिवसा चारही बाजूंची अंतरं मोजून झाड, दगड, फीडर असं चित्र काढून खिडकीवर चिकटवा, हरीण समोर आल्यावर मोजत बसायला वेळ नसतो.

प्रोपेनचा हीटर लावणार असाल तर दोन खिडक्या बोटभर उघड्या ठेवा आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म ठेवाच. लहान बंद डबा आहे, डुलकी लागते, त्यात हा वायू कळत नाही.

गांधीलमाश्या! इथल्या लाल गांधीलमाश्या छताच्या कोपऱ्यात घर करतात, थंडीत गप्प असतात आणि आत ऊब झाली की हलायला लागतात. सप्टेंबरमधे एकदा आणि सीझनच्या आदल्या आठवड्यात एकदा, दिवसाउजेडी, लांबून फवारा मारूनच आत जा. जिन्याखाली काठी फिरवून मग पाय ठेवा, सावलीला रॅटलस्नेक बसतो. पायाशी फायर अँटचं वारूळ आहे का तेही बघा.

१०. सीझन उघडायच्या आधी आणि संपल्यावर

उत्तर विभागात जनरल सीझन नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत वेळ. त्याच्या दोन आठवडे आधी एक पूर्ण संध्याकाळ बंदूक न घेता आत बसा. कुठली झडप वाजते, खुर्ची कुठे घासते, अंधार पडताना किती दिसतं, आणि अंधारात उतरता येतं का, हे सगळं तेव्हाच कळतं. खिडकीला चार इंचांचा बारीक लोकरीचा धागा बांधून ठेवा, वारा कुठून आहे हे न हलता दिसतं. धागा फीडरकडे ताणलेला असेल त्या दिवशी बसू नका, घरी जा किंवा दुसऱ्या ब्लाइंडला जा.

सीझन संपला की खुर्ची, कार्पेट, खाण्याचे कागद सगळं बाहेर काढा, नाहीतर उंदीर मार्चपर्यंत कार्पेट पोखरतात. प्रत्येक बोल्ट सॉकेट लावून आवळा, केबलचा ताण बघा, पायांच्या तळाला स्क्रूड्रायव्हर टोचून लाकूड मऊ झालंय का बघा, टोक सहज आत गेलं तर तो पाय त्याच उन्हाळ्यात बदला. झडपा लावून घ्या आणि दाराला बाहेरून कडी घाला.